बंगळूरची शिदोरी

बंगळूरच्या छावणीभागातील शिवाजीनगरास पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. ही छावणी इंग्रजांनी १८०९ मध्ये वसविली. शिवरायांचा बंगळूरशी संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने हे शहर केंपेगौडाकडून घेतले व ते शहाजीराजांकडे आले. येथूनच बाराव्या वर्षी शिवाजीराजांना पित्याने पुण्यास धाडले, असे कवींद्र परमानंद ‘शिवभारता’त सांगतो. बरोबर हत्ती, घोडे, पायदळ, अमात्य व द्रव्य दिले. आणि नामांकित अध्यापकही दिले.

पुढे राजे ज्या विद्यांत निपुण झाले, त्यांची लांबलचक यादी परमानंदाने दिली आहे. श्रुतिस्मृती व राजनीती यांच्या जोडीला अश्वारोहण, धनुर्विद्या, तलवार व बाहुयुद्ध तीत आहेत. शिवाय रत्नपरीक्षा, विष उतरविणे, मुद्रेवरून मनोगत ओळखणे आणि मायावी डाव जाणणे हेही आहे. दरबारी कवीच्या स्तुतीत अतिशयोक्ती असणारच. ही यादी म्हणजे पाठशाळेचे वेळापत्रक नव्हे. तरीही पुत्राच्या शिक्षणात मल्लविद्येइतकेच सावधपणाला महत्त्व असावे, ही त्या काळाची अपेक्षा तीतून स्पष्ट होते.

१६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखानास भेटावयास जाताना राजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. १६६६ मध्ये आग्र्याच्या पहाऱ्यातून ते निसटले. हे दोन्ही प्रसंग केवळ बाहुबळाचे नव्हते. बंगळूरहून निघालेले हत्ती-घोडे मोजता येण्याजोगे होते. अध्यापकांच्या शिदोरीचे मोल कळावयास मात्र सुमारे सतरा वर्षे लागली.