विमानात स्वतःची दारू नेता येते का? नेली तर तिथं बसून पिता येते का? नियम नीट समजून घ्या

जालना : बाटली आपली, पैसे आपले, बिल खिशात. मग सीटवर बसून दोन घोट घेतले तर कुणाचं काय बिघडलं? पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो. पूर्वी विमान म्हणजे आमदार-खासदारांचं आणि उद्योगपतींचं काम होतं. आता भोकरदन, अंबड, परतूर, मंठा भागातली पोरं कामासाठी दुबई-कतारला जातात, बियाणं आणि स्टीलच्या धंद्यातले लोक दिल्ली-हैदराबादला जातात, मित्रांचा घोळका गोव्याला निघतो. चिकलठाण्याचं विमानतळ जालन्याहून पन्नासेक किलोमीटरवर, तेही जालना रोडलाच. त्यामुळं हा प्रश्न आता आपल्याही घरातला झालाय.

उत्तर थोडक्यात असं : दारू नेता येते, पण विमानात स्वतःची दारू पिता येत नाही. आणि विमान कंपनीनं नेऊ दिली म्हणजे उतरल्यावर पोलीस किंवा उत्पादन शुल्कवाले काही म्हणणार नाहीत, असंही नाही. एकाच बाटलीवर दोन-तीन कायद्यांची नजर असते. लोक फसतात ते नेमके इथंच.

दुबई-मुंबई विमानात काय झालं होतं?

मार्च २०२३ मधली गोष्ट. दुबईहून मुंबईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात आपल्याच महाराष्ट्रातले दोन प्रवासी होते, एक पालघर जिल्ह्यातला, दुसरा कोल्हापूरकडचा. आखातात वर्षभर काम करून घरी परतत होते. ड्यूटी फ्री दुकानातून रीतसर विकत घेतलेली दारू जवळ होती. गावी चाललोय या आनंदात त्यांनी विमानातच बाटली उघडली. शेजारच्या प्रवाशांनी हटकलं तर त्यांना शिवीगाळ, समजवायला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही शिवीगाळ, अशी तक्रार झाली. कर्मचाऱ्यांनी बाटल्या काढून घेतल्या. विमान मुंबईत उतरलं आणि दोघं घराऐवजी सहार पोलीस ठाण्यात गेले. इतरांचा जीव धोक्यात घालण्याचं भारतीय दंड संहितेचं कलम ३३६ लागलं, सोबत विमान नियमांची कलमंही. पुढं कोर्टातून जामीन झाला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्यांची दारू चोरीची नव्हती, भेसळीची नव्हती. दुकान कायदेशीर, खरेदी कायदेशीर. चुकलं ते फक्त झाकण उघडण्याच्या जागेत, आणि त्यानंतरच्या तोंडात. वर्षभर उन्हात राबलेला माणूस घरच्यांना तोंड दाखवायच्या आधी पोलिसांना दाखवतो, हे वाईटच. शिवाय गुन्हा नोंद झाला की पुढच्या वेळी व्हिसाला, पोलीस दाखल्याला अडचण येऊ शकते. आखातातल्या नोकरीवर ज्याचं घर चालतं, त्याला ही बाटली फार महागात पडते.

किती नेता येते, कशी नेता येते?

देशातल्या विमानप्रवासात दारू चेक-इन बॅगेत न्यायची, म्हणजे काउंटरवर आपण जमा करतो त्या मोठ्या बॅगेत. एका माणसाला जास्तीत जास्त ५ लिटर. व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडका हा सगळा माल या मर्यादेत येतो. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं असतं. २४ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ७० टक्क्यांपर्यंत असेल तर ही ५ लिटरची मर्यादा लागते. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, ती यातच आली. ७५० मिलीच्या खंब्याचा हिशोब केला तर सहा खंबे म्हणजे साडेचार लिटर. सातवा बसत नाही.

७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात चढतच नाही, कारण ती पेट्रोलसारखा पेट घेऊ शकते. बियर आणि साधी वाइन २४ टक्क्यांच्या खाली असते, तिला सुरक्षेच्या नियमात लिटरची मर्यादा नाही. पण बॅगेच्या वजनाची मर्यादा आहेच. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलोच मिळतात, त्यात काचेच्या बाटल्यांचंच वजन किती होतं बघा.

बाटली कंपनीची, सीलबंद आणि दुकानातून जशी मिळाली तशीच पाहिजे. अर्धी प्यालेली बाटली, प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतलेली दारू, हातभट्टीची किंवा मोहाची गावठी, यातलं काही चालत नाही. हातभट्टी तर जमिनीवरच गुन्हा आहे, आकाशात कशी चालेल? बाटली जाड टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा. बॅगा उचलणारे लोक हळूच ठेवत नाहीत, आणि बाटली फुटली तर लग्नाचे कपडे दारूत भिजतात.

हातातल्या बॅगेत, जी आपण सीटवर घेऊन जातो, तिच्यात घरून आणलेली बाटली ठेवू नका, तपासणीत काढून घेतली जाते. सुरक्षा तपासणी पार केल्यावर आतल्या दुकानातून घेतलेली बाटली नेता येते, पण दुकानदार ती पारदर्शक पिशवीत सील करून देतो. ते सील मुक्काम येईपर्यंत फोडायचं नाही.

एक जुगाड बरेच जण करतात. पाण्याच्या बाटलीत किंवा कोल्ड्रिंकमध्ये व्होडका मिसळून नेतात. वास येत नाही म्हणे. विमानाची केबिन म्हणजे बंद डबा, चार रांगा पुढंपर्यंत वास जातो. आणि सापडल्यावर ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोयसुद्धा राहत नाही, कारण लपवलं म्हणजे माहीत होतंच.

विमानात प्यायला मनाई कशासाठी?

देशातल्या विमानांत कंपनी स्वतःही दारू देत नाही. परदेशी जाणाऱ्या काही विमानांत मिळते, पण ती कर्मचाऱ्यांनी दिलेलीच प्यायची. कुणाला किती द्यायची आणि कुणाला थांबवायचं हे ते ठरवतात. तुम्ही स्वतःची काढली की त्यांचा हिशोबच संपतो. अमेरिकेत तर कंपनीनं दिलेल्या दारूशिवाय दुसरी दारू विमानात प्यायची नाही असा सरकारी नियमच आहे. आपल्याकडं विमान कंपन्या तिकिटाच्या अटींमध्ये ही मनाई घालतात. तिकीट काढताना मोबाइलवर ‘मान्य आहे’ दाबतो तेव्हा आपण ती अट कबूल केलेली असते, वाचली नसली तरी.

शरीराचाही भाग आहे. विमान दहा-अकरा हजार मीटरवर उडतं. आतली हवा यंत्रानं दाबून ठेवतात, तरी ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ राहते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर बसून पिण्यासारखं झालं. रक्तातला ऑक्सिजन आधीच कमी झालेला असतो, त्यात दारू आणि झोप. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे प्रयोग करून तपासलं. दारू पिऊन विमानासारख्या हवेत झोपलेल्या निरोगी तरुणांचाही ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि हृदयाचे ठोके वाढले. कोरोनात ऑक्सिमीटर घरोघरी होते, त्यामुळं ८५ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यानं तर विचारच करू नये.

गोंधळ घातला तर काय होतं?

विमानात कॅप्टनचा शब्द शेवटचा. दंगा करणाऱ्याला बांधून ठेवायचा आणि उतरल्यावर पोलिसांच्या ताब्यात द्यायचा अधिकार त्याला आहे. विमानात चढायच्या आधीच माणूस झिंगलेला दिसला तर कंपनी त्याला चढू देत नाही.

२०१७ साली डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकानं, गोंधळी प्रवाशांसाठी तीन पायऱ्या ठरवल्या. पिऊन आरडाओरडा, शिवीगाळ, घाणेरडे हातवारे ही पहिली पायरी, ३ महिन्यांपर्यंत बंदी. ढकलाढकली, मारहाण, नको तिथं हात लावणं ही दुसरी, ६ महिन्यांपर्यंत. जिवाला धोका होईल असं वागणं ही तिसरी, तिथं कमीत कमी २ वर्षं. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या समितीपुढं हे प्रकरण चालतं आणि निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येतं. पोलीस केस वेगळी. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, आधीचं कलम ३३६ आता तिच्यात १२५ झालंय.

विमानातून उतरल्यावर खरा घोळ

विमान कंपनी ५ लिटर नेऊ देते, पण ती फक्त विमानाची सुरक्षा बघते. तुम्ही उतरता त्या राज्यात दारू चालते की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

गुजरातचंच घ्या. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा महाराष्ट्र आणि गुजरात दोघांचाही मूळ कायदा. १९६० ला राज्यं वेगळी झाली, आपण परवान्यावर दारू सुरू ठेवली, त्यांनी बंदी ठेवली. अहमदाबाद किंवा सुरतला जाताना बॅगेत बाटली टाकली तर विमानात कुणी अडवणार नाही, गुजरातच्या जमिनीवर मात्र तो गुन्हा आहे. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथं तात्पुरता परवाना मिळतो, तो रीतसर काढावा.

बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून पूर्ण बंदी. तिथं बाटली जवळ असायचीही गरज नाही, बाहेरून पिऊन आलात तरी गुन्हा होतो. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीहून पाटण्याला पिऊन उतरलेल्या दोन प्रवाशांना विमानतळावरच पकडलं होतं. नागालँड आणि मिझोराममध्येही दारूबंदीचे कायदे आहेत.

आणि गोवा? तिथं स्वस्त म्हणून लोक बॅगा भरून आणतात. पण दुसऱ्या राज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हाच आहे, मग ती एसटीनं आणा, गाडीनं आणा की विमानानं. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं लेबल असलेली बाटली पकडली गेली तर बिल दाखवून सुटका होत नाही. आपल्या राज्यात तर दारू प्यायला आणि जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागतो, हेच कित्येकांना माहीत नाही. दुकानात तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो. वयाची अटही आहे.

आखातातून येणाऱ्यांनी एवढं बघा

परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू कस्टम ड्यूटी न भरता आणता येते. त्यावर असेल तर जाहीर करून ड्यूटी भरायची. लपवली तर माल जातो आणि दंडही बसतो. जाताना मात्र उलटं. सौदी आणि कुवेतला दारूला बंदी आहे, तिथं बॅगेत एक बाटलीही नको. उमरा-हजला जाणाऱ्यांच्या बॅगेत कुणी ‘तिकडं माझ्या भावाला दे’ म्हणून बांधलेलं पुडकं दिलं तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. शारजातही दारूविक्री बंद आहे, दुबईच्या शेजारी असली तरी.

दुबईहून मुंबई आणि पुढं संभाजीनगर असा प्रवास असेल तर मुंबईत कस्टम झाल्यावर मोठी बॅग तुमच्या हातात येते. ड्यूटी फ्रीची बाटली तिथंच त्या बॅगेत टाका आणि मग बॅग पुन्हा जमा करा. हातात ठेवून देशांतर्गत तपासणीला गेलात तर ती तिथंच सोडून यावी लागू शकते, आणि विमान सुटायची वेळ झालेली असताना परत मागं फिरून बॅगेत टाकायला कुणी वेळ देत नाही. बिल जपून ठेवा, जालन्याला पोहोचेपर्यंत.