टॅमालपायस : एका उताराचा आणि ब्रेकचा इतिहास

माउंटन बाइक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जाड टायर, हेल्मेट आणि धूळ उडवत सुसाट खाली येणारा कुणीतरी. पण मंडळी, या सायकलचा इतिहास वेगाचा कमी आणि ब्रेकचा जास्त आहे असं माझं मत झालंय. कसं ते सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. तिथे सुमारे २६०० फूट उंचीचा टॅमालपायस डोंगर आहे; लोक लाडाने नुसतं 'टॅम' म्हणतात. १८९६ मध्ये मिल व्हॅली गावातून टॅमच्या माथ्याकडे रेल्वे सुरू झाली. अंतर जेमतेम सव्वाआठ मैल आणि वळणं २८१! 'जगातली सर्वात वाकडी रेल्वे' अशी तिची जाहिरात असायची. आपली माथेरानची गाडी आठवा, म्हणजे अंदाज येईल.

खरी गंमत उतरताना. काही प्रवासी बिनइंजिनाच्या डब्यात बसत आणि डबा आपला उतारावरून घरंगळत खाली येई! याला 'ग्रॅव्हिटी कार' म्हणत. १९०७ पासून या गाड्या म्यूर वूड्सच्या रेडवूड जंगलाकडेही जाऊ लागल्या. डब्यात महत्त्वाचा माणूस एकच, ब्रेक धरून बसलेला. तो वेग ताशी साधारण बारा मैलांच्या आत ठेवी. पुढे मोटारी आल्या, १९२९ मध्ये मोठा वणवा लागला आणि १९३० मध्ये रेल्वे बंद पडली. रूळ काढले, वाट उरली.

पुढची गोष्ट जवळच्याच फेअरफॅक्स गावातली. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांना दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावरून खाली आणायचा नाद लागला. त्यांना कोस्टर ब्रेक असायचा, म्हणजे उलटं पेडल मारलं की मागचं चाक थांबणार. दोन मैलांत १३०० फूट उतरताना हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणजेच 'रीपॅक' करायचं. त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. अ‍ॅलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली आलेला तो एकटाच! पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला.

हळूहळू चांगले ब्रेक आले, गिअर आले. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी सायकल बांधली. ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली आणि नाव जगभर झालं. १९९६ मध्ये तर हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला.

आणि या खेळाच्या जन्मगावी काय झालं? चालणारे, घोडेवाले आणि सायकलवाले यांची जुंपली. टॅमच्या अरुंद पायवाटांवर सायकलींना कित्येक दशकं मज्जाव राहिला. रुंद वाटांवर परवानगी, पण वेगमर्यादा ताशी १५ मैल आणि आंधळ्या वळणावर फक्त ५.

सुट्टीत मी रेल्वेच्या त्या जुन्या वाटेवरून सायकल नेली, तेव्हा हा नियम मला आधी जाचकच वाटला होता. वर चढताना खाली खाडी, पलीकडे सॅन फ्रान्सिस्को, मध्येच धुक्याचा पांढरा पडदा. वाटेत १९०४ मध्ये रेल्वेनेच बांधलेली वेस्ट पॉइंट इन लागते. उतरताना एका वळणाआड काठी टेकत चढणारे आजी-आजोबा समोर आले. ब्रेक लावला, त्यांनी हात केला, मीही केला. वाट त्यांचीही आहे, हे पाटीवर वाचण्यापेक्षा असं कळलेलं बरं.

खेळ जन्माला घातला म्हणून डोंगर आपल्या मालकीचा होत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ब्रेकवाल्याला हे बहुधा ठाऊक असावं. असो. कधी गेलात तर सकाळी लवकर निघा, आणि निघण्याआधी ब्रेक तपासा!