लोखंडालाही शीण येतो

परवा गॅलरीतल्या वेलाला आधार बांधायला तार हवी होती. तार मिळाली, पक्कड काही सापडेना. मग आपण सगळेच करतो ते केलं. एकाच जागी तार खाली-वर, खाली-वर वाकवत राहिले. थोड्या वेळाने टक्कन तुटली. टोकाला बोट लावलं तर चांगलीच गरम!

ओढून ती तार मला जन्मात तुटली नसती. मग ज्या जोराने ती आधी नुसती वाकत होती, त्याच जोराने शेवटी तुटली कशी?

मी कला शाखेची, आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे उत्तर शोधायला गेले तीही इतिहासातच.

१६७८ साली रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम छापला. जितका भार, तितका ताण, आणि भार काढला की वस्तू पूर्ववत. मर्यादेपलीकडे ओढलं, तर मात्र ती वाकडी ती वाकडीच राहते. माझ्या तारेचं तसंच झालं. पण मर्यादेच्या आत राहिलं की धातूला काही होत नाही, असा लोकांचा समज होता. तो पुढे पार मोडला, आणि फार महागात मोडला.

८ मे १८४२, रविवार. फ्रान्सच्या राजाच्या उत्सवानिमित्त व्हर्सायची कारंजी बघून लोक आगगाडीने पॅरिसला परतत होते. गाडीला दोन इंजिनं होती. म्यूदाँ गावाजवळ पुढच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मोडला. मागचं इंजिन आणि डबे त्यावर चढले आणि आग लागली. प्रवाशांनी उतरू नये म्हणून तेव्हा डब्यांना बाहेरून कुलपं घालत. माणसं आतच जळाली. पन्नासाहून अधिक गेली. त्यांत द्यूमाँ द्यूर्व्हिल हा दर्यावर्दी होता, बायको-मुलासह. अंटार्क्टिकाच्या बर्फातून जहाज सुखरूप परत आणणारा माणूस घराकडे येताना गेला. वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

पुढे फ्रान्समध्ये कुलपं घालणं थांबलं. पण आस का मोडला? तुटलेला भाग दाणेदार दिसे. म्हणून पुष्कळांनी ठरवलं की हादऱ्यांनी लोखंडाची जातच बदलते, चिवट लोखंड खडीसाखरेसारखं ठिसूळ होतं. दिसायला पटणारं कारण, आणि त्यात दोष कोणाचाच नाही.

१८४३ मध्ये विल्यम रँकिन या २२ वर्षांच्या स्कॉटिश इंजिनियरने ते नाकारलं. त्याने मोडलेले आस नीट पाहिले. जाड दांडा एकदम बारीक होतो त्या कोपऱ्यात चीर सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. मधला भाग अगदी थोडा उरला की एके दिवशी तुटतो. उपाय साधा होता. तो कोपरा तीक्ष्ण ठेवू नका, गोलाई द्या.

तरी किती भार किती वेळा चालेल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ते काम प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर यांनी केलं. धावत्या गाडीचा आस वाकतो, तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की उलट. व्होलरनी यंत्रावर दांडे असेच फिरवले, लाखो फेरे, वर्षानुवर्षं. १८७० पर्यंत चित्र स्पष्ट झालं. एका झटक्यात दांडा मोडायला जो भार लागतो, त्याहून खूपच कमी भार पुन्हा पुन्हा आला तरी दांडा मोडतो. भार जितका कमी, तितके फेरे जास्त. आणि लोखंड-पोलादाला एक पातळी अशी, की भार तिच्याखाली असेल तर दांडा टिकून राहतो.

या प्रकाराला इंग्रज इंजिनियर तोवर 'थकवा' म्हणू लागले होते. मला आपला 'शीण' शब्द बरा वाटतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी गेली, तेव्हा व्होलरचे प्रयोग व्हायचेच होते. मी हिशेब केला. चाकाचा व्यास एक मीटर धरला तर मुंबई ते पुणे, १९२ किलोमीटरमध्ये, आस सुमारे ६१,००० वेळा फिरतो. तितक्या वेळा ताणला जातो, तितक्या वेळा दाबला जातो. आणि ही एकच खेप!

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. रात्री मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली की हातात कंदील आणि हातोडी घेऊन एक माणूस चाकांवर टक, टक करत जायचा. धड चाक खणखणीत वाजे, तडा असला तर बद्द. लहानपणी मला त्या आवाजाने जाग यायची. वाटायचं, झोपेच्या वेळी हा माणूस उगीच ठोकत काय बसतो! आता आसांमधल्या चिरा ध्वनिलहरींच्या यंत्राने शोधतात. पण काम तेच, डोळ्यांना न दिसणारा शीण वेळेवर ओळखायचा.

त्या माणसाचे आभार कधी मानले नाहीत. आज इथे मानते.