धावपट्टी आणि वाट

२०१९ च्या जानेवारीत मी लेकीकडे जयपूरला राहावयास गेलो होतो. शेजारी रत्नांचे व्यापारी. घराणे जौहरी बाजारातले. एका सायंकाळी ते निरोप घेण्यास आले. "उद्या बँकॉकला जातो, दोन दिवसांत परत येईन," असे त्यांनी शेजारच्या गावी जाण्याच्या सहजतेने सांगितले. सांगानेरच्या विमानतळावरून त्यांना थेट विमान होते. योगायोगाने दुसऱ्याच दिवशी मलाही घरी परतावयाचे होते. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास. जयपूर ते मुंबई विमानाने आणि पुढे रात्रीच्या बसने, असा माझा प्रवास ठरलेला होता. शेजारी परदेशात पोहोचून, जेवून निजले असतील, त्या वेळी मी येवल्याजवळच्या एका धाब्यावर चहा घेत बसलो होतो.

त्या चहाच्या पेल्याबरोबर मला एक यादी आठवली. २००३ साली बाली येथे झालेल्या परिषदेत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आग्नेय आशियातील देशांच्या विमान कंपन्यांसाठी भारताची दारे बरीच मोकळी केली. त्याच धोरणात अठरा पर्यटनस्थळांची एक यादी होती. या शहरांत त्या देशांच्या कंपन्यांनी हवी तितकी विमाने आणावीत, असा तिचा अर्थ. त्या यादीत जयपूर होते आणि औरंगाबादही होते. दोघांनाही सरकारी परवाना एकाच कागदावर मिळाला होता. मग एका शहराला बँकॉक लाभले आणि दुसऱ्याला येवल्याचा धाबा, असे का व्हावे?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, पुढाऱ्यांचे वजन कमी पडले. दुसरे, धावपट्टी लहान आहे. दोन्हींत थोडे तथ्य आहे. परंतु प्रशासनात हयात घालविलेल्या माणसाला ती पुरेशी वाटत नाहीत. विमानाची वाट कशी ठरते, याचा स्वतंत्र इतिहास आहे आणि तो पाहिल्यावर आपल्या पदरातील उणीव अधिक स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही वाट बव्हंशी इंधनाच्या टाकीने ठरत असे. लंडन, ॲमस्टरडॅम आणि पॅरिसहून पूर्वेकडे जाणारी विमाने थोड्या थोड्या अंतरावर उतरत. कराचीहून निघालेल्या विमानाला विसाव्यासाठी जोधपूर सोयीचे पडले. मात्र केवळ भूगोलाने जोधपूर नकाशावर आले नाही. महाराजा उमेदसिंह यांना विमानविद्येचा छंद होता. त्यांनी विमानतळ उभारला आणि उतारूंच्या मुक्कामाचीही सोय केली. म्हणून ब्रिटिश, डच आणि फ्रेंच अशा तिन्ही देशांची विमाने मारवाडच्या वाळवंटात उतरू लागली. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, हे आपण सारे जाणतो. त्या उड्डाणाच्या आधी सरकारदरबारी सुमारे तीन वर्षे अर्जविनंत्या चालल्या होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

युद्ध संपत आले असता १९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शिकागो येथे मोठी परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केले. बावन्न राष्ट्रांनी सह्या केलेल्या त्या करारनाम्याने एक तत्त्व पक्के केले: आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता असून त्याच्या अनुमतीवाचून परक्या देशाची नियमित विमानसेवा तेथे चालणार नाही. परिणामी दोन-दोन देशांचे स्वतंत्र करार होऊ लागले. कोणत्या देशाच्या कंपनीने, आठवड्याला किती आसने घेऊन, कोणकोणत्या शहरांत उतरावे, हे त्यात लिहिलेले असते. भारत आणि दुबई यांच्यात २०१४ साली प्रत्येक बाजूस आठवड्याला सुमारे ६५ हजार आसने ठरली. पुढे अनेक वर्षे वाद झाला तो या आकड्यावरच. इंधनाच्या टाकीची जागा नस्तीने घेतली ती अशी.

विमानाच्या वाटेला आज तीन कुलुपे असतात. पहिले कुलूप अशा करारांचे; त्याची किल्ली दिल्लीत. दुसरे कुलूप वेळेचे. गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची घटिका, म्हणजे ज्याला स्लॉट म्हणतात तो, मिळावा लागतो. त्यासाठी जगभरच्या कंपन्या आणि विमानतळ वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरमध्ये, एकत्र बसतात. तिसरे कुलूप कंपनीच्या मर्जीचे. अधिकार आहे, वेळ आहे, धावपट्टीही आहे. पण 'या' असे फर्मान कोणत्याही कंपनीला काढता येत नाही. तिचे मन वळवावे लागते.

हे मन वळविण्याचे काम पूर्वी पत्रव्यवहाराने आणि ओळखीपाळखीने चाले. १९९५ साली ब्रिटनमधील कार्डिफ येथे त्यासाठी एक मेळावाच भरविण्यात आला. त्याचे नाव 'रूट्स'. विमानतळांचे प्रतिनिधी आणि कंपन्यांचे मार्ग ठरविणारे अधिकारी यांनी आधी वेळ घेऊन समोरासमोर बसावयाचे, प्रत्येक भेट वीस मिनिटांची. आपल्या वधूवर मेळाव्याशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. स्थळे पुष्कळ, वेळ थोडा, आणि दोन्ही पक्षांचे लक्ष मुख्यतः एकमेकांच्या मिळकतीकडे.

हा व्याप पुढे इतका वाढला की त्याचे स्वतंत्र वार्षिक पंचांग तयार झाले. माझ्या त्या जयपूरच्या मुक्कामाचे २०१९ हे वर्ष घ्या. फेब्रुवारीत क्वेबेक येथे अमेरिका खंडांचा मेळावा, मार्चमध्ये फिलिपिन्समधील सेबू येथे आशियाचा, एप्रिलमध्ये हॅनोव्हरला युरोपचा, सप्टेंबरात ॲडलेड येथे साऱ्या जगाचा आणि डिसेंबरात मोंबासा येथे आफ्रिकेचा. त्याच डिसेंबरात जॉर्डनमधील अकाबा येथे सरकारांचा मेळावा भरला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून सुरू केलेल्या या मेळाव्यात अनेक देशांची शिष्टमंडळे एकाच छताखाली करारांच्या वाटाघाटी करतात. २०११ साली तो मुंबईत भरला होता. आशियाचा 'रूट्स' मेळावाही २००९ मध्ये हैदराबादेत आणि मार्च २०१३ मध्ये मुंबईत झाला. म्हणजे बाजार आपल्या दारापर्यंत आला होता.

मुंबईच्या मेळाव्याला मी एका खात्याच्या पथकातून गेलो होतो. आमच्यापाशी गुळगुळीत कागदाच्या माहितीपुस्तिका होत्या; त्यांत अजिंठ्याची चित्रे, वेरूळचे कैलास लेणे, पैठणीचा पदर. समोर एका परदेशी कंपनीचे तरुण अधिकारी बसले. त्यांनी पुस्तिका आदराने पाहिली, मिटली आणि विचारले, "आज तुमच्या भागातून आमच्या शहराला दरवर्षी किती माणसे जातात? ती कुठे विमान बदलतात? सरासरी किती भाडे देतात? पावसाळ्यात किती जण प्रवास करतात?"

आमच्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. पथकप्रमुखांनी लेण्यांचे वय सांगितले. वीस मिनिटे संपल्याची सूचना झाली आणि आमच्या जागी दुसऱ्या एका देशातील लहानशा शहराचे दोन प्रतिनिधी येऊन बसले. त्यांच्या हाती पुस्तिका नव्हती. आकड्यांचा एक कागद होता. उठता उठता मी तो ओझरता पाहिला आणि मनातून ओशाळलो.

औरंगाबादचे दुःख असे की धावपट्टीसाठी त्याने कोणाचे पाय धरावे लागले नाहीत. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनवाढीसाठी जपानने जे कर्ज दिले, त्यात विमानतळाच्या सुधारणेचाही समावेश होता. २००९ च्या सुमारास चिकलठाण्याला नवी इमारत उभी राहिली. बुद्धाच्या ओढीने पूर्वेकडून यात्रेकरू येतील, हा हिशेब चुकीचा नव्हता. तथापि नियमित आंतरराष्ट्रीय सेवा तेथे रुजली नाही.

जयपूरची बाजू मुळात बळकट होती, हेही मान्य केले पाहिजे. ते राज्याच्या राजधानीचे शहर. दिल्ली-आग्रा-जयपूर ही पर्यटकांची मळलेली वाट. पण त्याचा खरा आधार वेगळा. शेखावाटीतील सीकर, चुरू, झुंझुनू या जिल्ह्यांतून हजारो माणसे आखाती देशांत कामाला गेलेली, आणि रत्नांचे व्यापारी बारमाही बँकॉकच्या फेऱ्या करणारे. म्हणूनच २००५ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय विमानतळ हा दर्जा मिळण्याच्या आधीच, २००२ साली, तेथून दुबईची सेवा सुरू झाली होती. उतारू आधी आले, पाटी मागाहून लागली. आमच्याकडे याच्या उलट क्रम झाला.

मराठवाड्याला उतारू नाहीत काय? आहेत. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत परदेशी तंत्रज्ञ येतात, जालन्याचे पोलाद आणि बियाणे यांचे व्यापारी जातात, घरटी एखादा मुलगा-मुलगी परदेशी शिकावयास किंवा नोकरीस असते. पण ही सारी माणसे रात्रभर प्रवास करून मुंबईत विमानात बसतात आणि मुंबईच्या खात्यावर जमा होतात. परभणीचा मुलगा दुबईला गेला, तर कंपनीच्या नोंदीत तो मुंबईकर ठरतो. मागणी नाही म्हणून विमान नाही, आणि विमान नाही म्हणून मागणी दिसत नाही. हे चक्र भेदण्याचे काम कंपनी करणार नाही. ते प्रशासनाचेच काम आहे. प्रवासी मुळात कोठून निघतो याची गणना, उद्योजकांच्या संघटनांकडून वर्षाच्या फेऱ्यांची हमी, इंधनावरील करात सवलत, या गोष्टी जिल्हा आणि राज्य पातळीवर होऊ शकतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधील विमान इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. राज्याच्या हाती काहीच नाही, ही सबब त्यानंतर तरी टिकू नये.

येथे थोडे विषयांतर करतो. जयपूरच्या ब्रह्मपुरीत पुंडरीकाची हवेली म्हणून एक जुनी वास्तू आहे. रत्नाकर पुंडरीक हे सवाई जयसिंहाचे गुरू, मूळचे महाशब्दे आडनावाचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. जयसिंहाने १७२७ साली शहर वसविले तेव्हा आधी रस्ते, चौक आणि दुकानांच्या ओळी आखल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना, विद्वानांना त्याने निमंत्रणे धाडली, जागा दिल्या, करांत सूट दिली. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा याच राजाने त्यांचा जयपुरात सन्मानाने पाहुणचार केला आणि पुढच्याच वर्षी बाजीराव व जयसिंह यांची भेट घडून आली. रिकामे चौक कितीही सुंदर असले तरी त्यांचे शहर होत नाही, हे त्याला कळत होते. आजचे विमानतळ नव्या मार्गासाठी कंपन्यांना शुल्कात सूट देतात, ती कल्पना जौहरी बाजारात बसलेल्यांना नवी वाटू नये.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे भारताची नियमित आंतरराष्ट्रीय सेवा थांबली, ती दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये पूर्ववत सुरू झाली. दरम्यान चियांग माई, मिलान येथील मेळावे पुढे ढकलले गेले. वाटा एकदा मिळाल्या म्हणजे कायमच्या आपल्या झाल्या, हा भ्रम त्या दोन वर्षांनी घालविला. जयपूरचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात खासगी कंपनीच्या हाती गेला. आता अशा मेळाव्यांत त्या शहराची बाजू मांडणारी माणसे पगारी आणि कायमची असतील. सरकारी विमानतळाच्या शहरांना हे काम कोण करून देणार, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र झाला आहे.

२०१३ च्या त्या मेळाव्याहून परतल्यावर मी चार पानांची टिपणी लिहिली होती. प्रवाशांच्या मूळ गावाची गणना करावी आणि किमान पाच वर्षे एकाच अधिकाऱ्याकडे हे काम ठेवावे, अशा दोन शिफारशी होत्या. काही महिन्यांत माझी बदली झाली; पथकप्रमुखांची त्याआधीच झाली होती. पुढे निवृत्त होताना मी त्या खात्यात चौकशी केली. एका जुन्या लिपिकाने बरीच शोधाशोध करून टिपणी काढून दिली. ती प्रवासभत्त्याच्या देयकाला जोडलेली होती. दौरा खरोखर झाला याचा पुरावा म्हणून लेखा शाखेने ती जपून ठेवली होती. तिच्यावर शेरा एकच होता: 'देयक मंजूर.'

परगावी आणि परदेशी राहणाऱ्या वाचकांना एक विनंती करून थांबतो. सुटीत घरी येताना मुंबईला उतरून पुढचे सात-आठ तास आपण निमूटपणे काढता. आपल्या मंडळात दहा कुटुंबे नांदेडची, लातूरची, संभाजीनगरची असतील, तर कोण, कोठून, वर्षातून किती वेळा आणि किती भाडे देऊन येते, याचा एक कागद करा आणि आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. त्या तरुण अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आम्हा कोणाकडेच नव्हती. ती आपल्याकडे आहेत.