नाण्यांची प्रतवारी

नाण्यांची प्रतवारी म्हणजे एखाद्या नाण्याची झीज, ठशाची स्पष्टता, पृष्ठभागाची झळाळी आणि अस्सलपणा तपासून त्याचा दर्जा ठरविण्याची पद्धत होय. नाणीसंग्रहात किंमत ठरविण्यासाठी आणि बनावट नाणी ओळखण्यासाठी तिचा उपयोग होतो. विदर्भात, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यासारख्या ऐतिहासिक परिसरात, जुनी नाणी घरोघरी जपलेली आढळतात. त्यामुळे प्रतवारीचे लाभ आणि मर्यादा या दोन्हींची माहिती तेथील संग्राहकांना उपयुक्त ठरते.

इतिहास

पूर्वी 'बरे', 'चांगले', 'उत्तम' अशा शब्दांनी नाण्याचा दर्जा सांगितला जात असे. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. या श्रेणीत ६० व त्यापुढील गुण व्यवहारात न झिजलेल्या नाण्यास मिळतात. विक्रेता व ग्राहक यांच्याशी संबंध नसलेल्या तिसऱ्या पक्षाकडून प्रतवारी करून घेण्याची प्रथा १९८० च्या दशकात रूढ झाली. पीसीजीएस ही संस्था १९८६ पासून, तर एनजीसी ही १९८७ पासून हे काम करते.

कार्यपद्धती

तज्ज्ञ नाण्याचे वजन, व्यास, धातू आणि ठसा तपासतात. एकाहून अधिक परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. त्यानंतर नाणे पारदर्शक डबीत मोहोरबंद करून त्यावर दर्जा व क्रमांक नोंदविला जातो. घासून चकचकीत केलेल्या, छिद्र पाडलेल्या किंवा दागिन्यातून काढलेल्या नाण्यास सहसा गुणांक मिळत नाही. केवळ दोषाचा उल्लेख होतो. चिंच, राख किंवा पावडर लावून नाणी उजळण्याच्या घरगुती सवयीमुळे म्हणूनच मोठे नुकसान होते.

उपयुक्तता

दुर्मीळ नाण्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर होत असल्याने अस्सलपणाची हमी हा प्रतवारीचा मुख्य लाभ आहे. सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान असल्यामुळे या भागात शिवकालीन नाण्यांविषयी विशेष आस्था आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा लेख असलेली तांब्याची शिवराई तुलनेने पुष्कळ आढळते. सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ असून त्याच्या नकला बाजारात येतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचीही हीच स्थिती आहे. राजवस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप आल्याने तो मागे घेण्यात आला आणि १९१२ मध्ये सुधारित ठसा आला. अशा नाण्यांच्या बाबतीत तज्ज्ञांचा दाखला महत्त्वाचा ठरतो. सामान्य व मुबलक नाण्यांसाठी मात्र प्रतवारीचे शुल्क नाण्याच्या किमतीहून अधिक होऊ शकते.

मर्यादा

दर्जा आणि ऐतिहासिक महत्त्व या भिन्न गोष्टी आहेत. १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांच्या वंशावळीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारख्या राजांची नावे त्यातून उजेडात आली. अशी झिजलेली नाणी गुणश्रेणीत खालीच राहतील; तथापि, ती सुटी विकली गेली असती तर इतिहासाचा एक दुवा कायमचा हरवला असता. नाणे कोठे, कशासोबत सापडले, ही माहिती मोहोरबंद डबीत मावत नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या साठ्यात तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविल्याचे त्यावरून कळले. साठा एकत्र राहिल्यामुळेच हे प्रमाण लक्षात आले.

कायदेशीर बाबी

१८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाहीत. म्हणून प्रतवारीसाठी अशी नाणी परदेशी पाठविण्याचा मार्ग खुला नसतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क वा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे आवाहन रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केले होते.

अभ्यासाची साधने

नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत नाण्यांचे संग्रहालय आहे. भारतीय मुद्रा परिषद ही १९१० मध्ये स्थापन झालेली संस्था या विषयाचे नियतकालिक प्रसिद्ध करते. नवोदित संग्राहकास वजनकाटा, भिंग आणि प्रत्येक नाण्याच्या प्राप्तिस्थानाची टिपणवही ही प्राथमिक साधने पुरेशी ठरतात.