ठराव आणि तळे : महाडची कागदपत्रे

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास आज जुनी जिल्हा गॅझेटिअरे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड संगणकावर वाचावयास मिळतात. परंतु एकटा कागद फसवा ठरतो. मुंबई कायदे कौन्सिलातील ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव तेवढाच वाचला, तर सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले असे वाटेल. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. प्रत्यक्षात चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव आणि निकाल यांतील ही चौदा वर्षे म्हणजेच खरा इतिहास होय. म्हणून अभ्यासकाने कागद कागदाशी ताडून वाचावा.