वापरलेल्या मोटारीतील धूर व तेलव्ययाचे निदान

वापरलेल्या मोटारीतील धूर व तेलव्ययाचे निदान म्हणजे सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग, वास व वेळ आणि इंजिन ऑइलची घट यांवरून इंजिनाची अंतर्गत स्थिती ओळखण्याची पद्धत होय. तेल जाळणाऱ्या वाहनाविषयी बोलीभाषेत ‘गाडी ऑइल खाते’ असे म्हणतात. जुनी मोटार घेताना हे निदान निर्णायक ठरते. कारण निळा धूर झडपांच्या झिजलेल्या सीलमुळे येतो, तसाच तो पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजल्यामुळेही येतो. पहिल्या दोषासाठी बहुधा इंजिन उतरवावे लागत नाही, दुसऱ्यासाठी ते पूर्ण खोलावे लागते. दिसायला मात्र दोन्ही धूर सारखेच असतात.

== धुराचा रंग ==

काळा धूर अपुऱ्या ज्वलनाचा निदर्शक आहे. चोंदलेला एअर फिल्टर, बिघडलेला इंजेक्टर किंवा इंधनाचे अतिरिक्त प्रमाण ही त्याची नेहमीची कारणे होत. त्याचा तेलव्ययाशी थेट संबंध नसतो.

पांढऱ्या धुराबाबत घाईने निष्कर्ष काढणे अयोग्य ठरते. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा गोंदियात होते. अशा सकाळी निरोगी इंजिनातूनही पाण्याची वाफ निघते आणि इंजिन तापल्यावर ती नाहीशी होते. वाफ तशीच राहिली, तिला गोडसर वास असला आणि कूलंटची पातळी घटत असली, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारी दुधट साय हा मात्र एकटा पुरावा नव्हे. हिवाळ्यात केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीतही ती साचते. डिझेल इंजिनातील डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळालेल्या इंधनाचा असून तो बहुधा हीटर प्लग किंवा इंजेक्टरमधील दोष सुचवतो.

== निळा धूर केव्हा येतो ==

निळा धूर जळालेल्या तेलाचा असतो. त्याचे मूळ रंगावरून नव्हे, तर तो केव्हा दिसतो यावरून कळते.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा लोट निघून काही क्षणांत थांबला, तर झडपांचे सील संशयास्पद ठरतात. रात्रीतून तेल झिरपून झडपांवर साचलेले असते. पेट्रोल इंजिनात याची आणखी एक खूण आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाच्या आत जाणाऱ्या हवेच्या मार्गात निर्वात वाढतो व तेल झडपेच्या कडेने ओढले जाते. त्यामुळे गाडी काही अंतर अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच चालू द्यावी आणि मग अॅक्सिलरेटर दाबून मागे पहावे. जिल्ह्याचा बराचसा भाग सपाट असला, तरी या चाचणीला घाटाची गरज नाही. डिझेल इंजिनात हा निर्वात फारसा नसल्याने तेथे ही खूण भरवशाची नाही.

इंजिन तापल्यावरही भाराखाली धूर वाढत गेला आणि पिकअप घटलेला असला, तर रिंगांची झीज संभवते. अशा वेळी चालू इंजिनाच्या ऑइलच्या झाकणातून जोराने धूर बाहेर पडतो. मात्र क्रँककेसची हवा बाहेर नेणारी झडप चोंदली, तरीही असेच घडते. ती तपासणे सर्वांत स्वस्त असल्याने तिच्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर. निर्णयासाठी कॉम्प्रेशन चाचणी करतात: दाब कमी आढळल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून तो पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढल्यास झडपांचा किंवा गॅस्केटचा मानला जातो.

टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोच्या सीलमधूनही तेल आत जाते. गळती मोठी असल्यास इंजिन त्या तेलावरच भरधाव फिरू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही, म्हणून हा दोष धोकादायक आहे.

== तेलाची घट मोजणे ==

सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पहावी. तेल वरच्या खुणेपर्यंत भरून १,००० किमीनंतर त्याच जागी पुन्हा मोजावे. अनेक गाड्यांत दोन खुणांमधील अंतर सुमारे १ लिटरचे असते. धूर नसताना घट झाली, तर इंजिनाखालील गळती आधी पहावी.

विक्रीपूर्वी जाड तेल भरणे आणि ग्राहक येण्याआधी इंजिन तापवून ठेवणे या परिचित क्लृप्त्या आहेत. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. ते गरम असेल तर पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

== पीयूसी प्रमाणपत्राची मर्यादा ==

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होणाऱ्या पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीतील धुराची घनता मोजली जाते. तेलव्यय मोजला जात नाही. थंड इंजिनाचा क्षणिक निळा लोट तापलेल्या इंजिनावरील चाचणीत दिसतच नाही, त्यामुळे वैध पीयूसी हा इंजिन सुस्थितीत असल्याचा दाखला ठरत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत सामान्यतः काजळी अडवणारा फिल्टर असल्याने दोष असूनही धूर कमी दिसू शकतो. तेथे डिपस्टिकच अधिक विश्वसनीय.

== सीमेपलीकडील गाड्या ==

गोंदिया जिल्हा (एमएच-३५) मध्य प्रदेश व छत्तीसगड यांना लागून आहे. बालाघाट (एमपी-५०) किंवा राजनांदगाव (सीजी-०८) येथे नोंदलेली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते व येथील करही भरावा लागतो. हा खर्च झाल्यावर इंजिनाचा दोष उघड झाला तर व्यवहार मोडणे अवघड जाते. म्हणून थंड इंजिनाची पाहणी विसार देण्यापूर्वीच करणे इष्ट.